मन घडविणारा मास्तर

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद या गावच्या एका मुलाने अलीकडे फुटबॉल खेळणे सोडले. वृत्तपत्रात जागा मिळावी अशी ही बातमी नव्हे. सोयाबीन आणि तुरीच्या या मुलखात मुले कबड्डी खेळतात, कुस्ती खेळतात, क्रिकेट तर सर्वत्रच आहे. फुटबॉलचा क्रमांक फार मागून लागतो. तेव्हा चौदा वर्षांच्या एका पोराने चेंडूकडे पाठ फिरविली तर कोणाचे काय अडते, असे कोणीही विचारील. पण ते घडले कसे हे ज्यांनी पाहिले, त्यांना हा प्रश्न इतका सोपा वाटणार नाही.

हा मुलगा शिकण्यासाठी दुसऱ्या गावी जात असे. शालेय स्पर्धेतील एका सामन्याच्या अखेरीस त्याच्या वाट्याला पेनल्टी आली. त्याने घाईघाईने चेंडू मारला, तो खांबाबाहेर गेला आणि संघ हरला. प्रस्तुत लेखक त्या वेळी मैदानाच्या कडेला उभा होता. संघाबरोबर आलेल्या शिक्षकांनी सर्व मुलांसमक्ष त्याची जी संभावना केली, ती येथे लिहिण्याचे कारण नाही. शाळेचे वा शिक्षकांचे नाव सांगण्याचेही नाही. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. पराभवाने त्यांचाही जीव कासावीस झाला होता, आणि मुलांना असेच वळण लावावयाचे असते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यानंतर मुलगा मैदानावर आला नाही. संध्याकाळी गावात इतर पोरे खेळू लागली की तो घरात बसतो, एवढेच पुढे कळले.

पाय मुरगळला असता तर कोणी लगेच हळद लावली असती, पट्टी बांधली असती. मन मुरगळले तर काय करावे, हे मात्र आपल्या क्रीडाव्यवस्थेत कोणी कोणाला शिकविलेले नाही. हा विषय परदेशांतील श्रीमंत संघांचा, गलेलठ्ठ मानधन घेणाऱ्या तज्ज्ञांचा, असे आपण धरून चाललो आहोत. ही समजूत किती चुकीची आहे, हे पाहण्यास फार दूर जावे लागत नाही. रिठदच्या दक्षिणेस हिंगोलीचा मुलूख लागतो. १९५६ पर्यंत तो हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यात होता. आपले वऱ्हाडही १८५३ पर्यंत निजामाच्याच अमलाखाली होते. त्या हैदराबादेत एक शाळामास्तर होऊन गेला. त्याच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, मानसशास्त्राची पदवी नव्हती. तरीही भारतीय फुटबॉलने आजवर जे काही वैभव पाहिले, ते बव्हंशी त्याच्या हयातीत पाहिले. सय्यद अब्दुल रहीम हे त्याचे नाव.

शाळेतून मैदानाकडे

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले आणि विद्यापीठाच्या संघातून ते फुटबॉलही खेळले. पुढे त्यांनी हैदराबादेतील शाळांत अध्यापन केले, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळांतील खेळांची जबाबदारी स्वीकारली. त्यांच्या साऱ्या कर्तृत्वाचे बीज या क्रमात आहे. ते मोठे खेळाडू होऊन मग प्रशिक्षक झाले नाहीत. शिक्षक होते आणि शिक्षक म्हणूनच प्रशिक्षक झाले. मोठ्या खेळाडूला पुष्कळदा वाटते, मला जे सहज जमले ते याला का जमू नये. शिक्षकाला मात्र रोज वर्गात दिसत असते की, एकच धडा चाळीस मुलांना चाळीस तऱ्हांनी समजतो, आणि न समजणाऱ्याला ओरडल्याने तो अधिक समजत नाही.

१९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. १९५० मध्ये हैदराबाद शहर पोलीस संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. मग जे घडले त्याचे साक्षीदार मुंबईकर होते. कूपरेजच्या मैदानावरील रोव्हर्स करंडक स्पर्धा ही त्या काळी देशातील मानाच्या स्पर्धांपैकी एक. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा करंडक हैदराबाद पोलिसांनी जिंकून नेला. नूर महंमद, अझीझुद्दीन यांसारखे त्या संघातील खेळाडू भारताच्या संघातही अग्रभागी राहिले. पुढे १९५६ आणि १९५७ साली लागोपाठ दोन वेळा हैदराबादने राष्ट्रीय विजेतेपदाचा संतोष करंडकही मिळविला. कलकत्त्याच्या बलाढ्य क्लबांपाशी जो पैसा आणि जो प्रेक्षकवर्ग होता तो हैदराबादपाशी नव्हता. हैदराबादपाशी एक मास्तर होता.

त्याची पद्धत काय होती? मुलांसाठी त्याने अशा स्पर्धा भरविल्या की, ज्यांत चेंडू केवळ दुबळ्या पायानेच खेळावयाचा. किंवा अशा की, ज्यांत चेंडू पायाशी घोळवीत राहण्यास बंदी. वरवर पाहता हे तंत्राचे शिक्षण होय. परंतु त्याच्या पोटात मनाचे शिक्षण दडलेले होते. उजव्या पायाने खेळणाऱ्या मुलाला डाव्या पायाची लाज वाटत असते. चेंडू डावीकडे आला की तो घाबरतो, आणि ती भीतीच त्याच्या हातून चूक करविते. ज्या स्पर्धेत साऱ्यांनाच दुबळ्या पायाने खेळावयाचे आहे, तेथे चूक ही लाजेची गोष्ट राहत नाही. ती खेळाचा नियमच होऊन बसते. लाज गेली की सराव होतो आणि सराव झाला की भीती जाते. धीर धर असे सांगून धीर येत नाही, तो सरावाच्या मांडणीतून येतो, हे या मास्तराने ओळखले होते.

दुसरी गोष्ट माणूस ओळखण्याची. तुळशीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावचा गरीब घरातला मुलगा. रहीम यांनी त्याला हेरले आणि सरावाला बोलाविले. पण रोज इतक्या दूर येण्यास त्याच्यापाशी पैसे नव्हते. तेव्हा भाड्याच्या सायकलीसाठी मास्तरांनी स्वतः पैसे दिले. पुढे हाच बलराम दोन ऑलिंपिकमध्ये भारतासाठी खेळला आणि देशाच्या सर्वश्रेष्ठ आघाडीवीरांत गणला गेला. सायकलीचे भाडे ही रक्कम क्षुल्लक असेल. पण आपण यावे म्हणून कोणी तरी आपल्या खिशात हात घालतो, ही जाणीव त्या वयाच्या मुलाला जे देते, ते कोणत्याही भाषणाने देता येत नाही.

दहा गोलांचा धडा

१९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलने भारताने इराणला हरविले व सुवर्णपदक मिळविले. देशात उत्साह उसळला. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा दहा विरुद्ध एक असा धुव्वा उडविला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत असत, आणि फिनलंडची थंडी अनवाणी पायांना मानवणारी नव्हती.

दहा गोलांचा पराभव माणसाला दोन वाटांपैकी एका वाटेने नेतो. एक वाट दोषारोपाची: गोलरक्षक वाईट, हवा वाईट, नशीब वाईट. दुसरी वाट अभ्यासाची. त्यानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले, आणि रहीम यांनी युरोपात, विशेषतः हंगेरीच्या संघात, जो नवा विचार चालू होता तो समजून घेऊन आपल्या संघाची रचना बदलण्यास आरंभ केला. चार वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, याच भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन गोलांनी हरविले. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मूळचा गोव्याचा, मुंबईच्या टाटा संघातून खेळणारा. उपांत्य सामन्यात पुन्हा समोर युगोस्लाव्हिया आला, आणि डिसोझाने भारताला प्रथम आघाडीही मिळवून दिली. शेवटी भारत चार विरुद्ध एक असा हरला आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडूनही पराभूत होऊन चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा तो पहिला आशियाई देश होता. पराभव लपविला नाही आणि खेळाडूच्या माथी मारला नाही, तर चार वर्षांत त्याचे काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारत हंगेरीशी एका गोलच्या फरकाने हरला, फ्रान्सशी त्याने बरोबरी केली, पेरूशी तो पराभूत झाला. या संघात रहीम यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हाही निवडलेला होता. परंतु त्या स्पर्धेतील एकाही सामन्यात तो मैदानावर उतरला नाही. संघातील प्रत्येक खेळाडू मनात एक हिशेब ठेवीत असतो: येथे न्याय आहे की नाही. तो हिशेब बरोबर जुळला तरच खेळाडू प्रशिक्षकाचे कठोर शब्दही पचवितो. रहीम शिस्तीला कडक होते, प्रसंगी हुकूमशहाच वाटत. तरी खेळाडूंनी त्यांना जन्मभर साहेब मानले, त्याचे कारण या न्यायात शोधावे लागते.

जकार्ताची रात्र

त्यांच्या कर्तृत्वाची खरी कसोटी १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत लागली. आरंभच पराभवाने झाला. दक्षिण कोरियाने पहिल्या सामन्यात भारताला दोन गोलांनी हरविले. पुढे थायलंडवर विजय मिळाला, पण त्या सामन्यात बचावफळीचा आधारस्तंभ जर्नैलसिंग याच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले. जपानविरुद्ध तो खेळू शकला नाही. तो सामना भारताने जिंकला. उपांत्य सामना आला तेव्हा प्रश्न पडला की, टाके घातलेल्या डोक्याने हा खेळाडू बचावाला कसा उभा राहणार. त्याला घरी बसविणे हा एक मार्ग होता. दुखणे विसरून पूर्वीच्याच जागी खेळ असे फर्मावणे हा दुसरा. रहीम यांनी तिसरा मार्ग काढला. त्यांनी त्याला आघाडीवर पाठविले. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नैलने गोल केला, चुनी गोस्वामी यांनी दोन केले, आणि भारत तीन विरुद्ध दोन असा अंतिम फेरीत गेला.

हा डावपेच म्हणून नावाजला गेला. तो मनाचाही उपचार होता. जखमी खेळाडूला सर्वांत अधिक खुपते ती आपण निरुपयोगी झाल्याची भावना. त्याला सहानुभूती नको असते, काम हवे असते. जे काम त्याला झेपेल असे काम शोधून देणे ही प्रशिक्षकाची खरी करुणा होय.

अंतिम सामन्याची परिस्थिती तर विलक्षण होती. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना स्पर्धेत येऊ दिले नव्हते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गु. द. सोंधी यांनी त्यास हरकत घेऊन स्पर्धांच्या आशियाई या नावालाच आक्षेप घेतला. त्यामुळे जकार्तात भारताविरुद्ध संताप पेटला. जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. ४ सप्टेंबर रोजी सेनायान स्टेडियममध्ये भारताचा संघ उतरला तेव्हा प्रचंड प्रेक्षकसमुदाय त्याच्या विरोधात होता. भारताच्या राष्ट्रगीताच्या वेळीही हुल्लड झाली. समोर तोच कोरियाचा संघ, ज्याने पहिल्या सामन्यात हरविले होते.

आदल्या रात्रीच्या आठवणी खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितल्या. झोप कोणालाच येत नव्हती. रहीम यांनी डावपेचांची उजळणी फार केली नाही. त्यांनी खेळाडूंपाशी एक भेट मागितली. ती भेट सुवर्णपदकाची होती. दुसऱ्या दिवशी प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नैलसिंग यांनी पहिल्या वीस मिनिटांतच दोन गोल केले. कोरियाला अखेरीस एकच गोल फेडता आला. मध्यफळीत गोव्याचा, टाटा संघाचा फोर्तुनातो फ्रँको खेळत होता. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. गोलरक्षणास पीटर थंगराज होते. आजारपणानंतर त्यांना उपांत्य नव्हे, थेट अंतिम सामन्यात उतरविण्याचे धाडस रहीम यांनी केले होते.

या विजयास नऊ महिने झाले, आणि ११ जून १९६३ रोजी रहीम कर्करोगाने वारले. त्यांचे वय त्रेपन्न होते.

शास्त्र आणि मास्तर

येथे कोणी म्हणेल की, ही एका असामान्य माणसाची कथा झाली, तिचा शास्त्राशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी तपासला पाहिजे. क्रीडामानसशास्त्र हे काही काल जन्मलेले शास्त्र नव्हे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५ साली खेळाडूंच्या मनोव्यापारांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उघडली. त्याही आधी, १९०८ मध्ये, यर्क्स आणि डॉडसन या संशोधकांनी दाखविले होते की, उत्तेजना एका मर्यादेपर्यंत कामगिरीस साह्य करते, मर्यादा ओलांडली की तीच कामगिरी बिघडविते, आणि काम जितके नाजूक तितकी ही मर्यादा लवकर गाठली जाते. पेनल्टी हे नाजूक काम आहे. तेथे खेळाडूला आणखी चेतविणे म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाखाली जाळ वाढविणे होय. नॉर्वेचे संशोधक गेयर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांतील पेनल्टींचा अभ्यास केला, तेव्हा पंचांची शिटी वाजताच घाई करून चेंडू मारणारे खेळाडू अधिक चुकतात असे त्यांना आढळले. रिठदच्या मुलानेही घाईच केली होती. थांब, श्वास घे, जागा ठरव आणि मग धाव, एवढे त्याला आधी कोणी शिकविले असते, सरावात शंभर वेळा करून घेतले असते, तर कदाचित चेंडू आत गेला असता. गेला नसता तरी त्याला आपण काय करावयाचे होते हे कळले असते.

शास्त्रालाही ठेच लागते, हे विसरून चालणार नाही. १९५८ साली ब्राझीलने विश्वचषकासाठी जाताना जुआंव कार्व्हाल्याइस नावाचा मानसशास्त्रज्ञ बरोबर नेला होता. त्याने खेळाडूंकडून चित्रे काढवून, प्रश्न विचारून निष्कर्ष काढला की, सतरा वर्षांचा पेले अजून बालिश आहे आणि गारिंशा हाही मोठ्या सामन्याचा भार पेलण्यास लायक नाही. प्रशिक्षक फेओला यांनी तो सल्ला बाजूस ठेवला. दोघेही खेळले आणि ब्राझील विश्वविजेता झाला. चाचणीचा कागद माणसाची जागा घेऊ लागला की असे होते. रहीम यांच्यापाशी कागद नव्हता. खेळाडूंबरोबर घालविलेली वर्षे होती.

पण याच्या उलट बाजूनेही विचार करावा लागेल, आणि येथे आम्ही रहीम यांच्या भक्तांशी थोडा मतभेद नोंदवितो. जे ज्ञान एकाच माणसाच्या अंगी असते, ते त्याच्याबरोबर जाते. रहीम गेल्यावर भारताला १९६४ च्या आशियाई चषकात दुसरे स्थान आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धांत कांस्यपदक मिळाले. त्यानंतर आशियाई क्रीडास्पर्धांत फुटबॉलचे एकही पदक भारताला मिळालेले नाही. घसरणीची कारणे अनेक आहेत, सारा दोष एका गोष्टीवर ढकलणे अन्यायाचे होईल. तरीही त्यांची पद्धत कोणी लिहून ठेवली नाही, तिचा अभ्यासक्रम झाला नाही, तिच्यात मुरलेल्या शिक्षकांची दुसरी पिढी पद्धतशीरपणे उभी राहिली नाही, हे खरेच आहे. त्यांचे शिष्य प्रदीपकुमार बॅनर्जी हे पुढे कलकत्त्यात प्रशिक्षक म्हणून गाजले. सामन्यापूर्वीच्या त्यांच्या भाषणांना शब्दांचे टॉनिक असे नाव पडले. ते भाषण वारशाने आले, पण वारसा भाषणापुरताच उरावा हे आपले दुर्दैव. ज्या रात्री रहीम यांनी भेट मागितली त्या रात्रीच्या मागे बारा वर्षांचा न्याय, सराव आणि माया उभी होती. ती पुंजी नसताना कोणीही उठून भेट मागितली, तर खेळाडू मान डोलावील आणि मनात हसेल.

२०२४ साली रहीम यांच्या जीवनावर मैदान हा हिंदी चित्रपट निघाला व नव्या पिढीला त्यांचे नाव कळले, हे चांगलेच झाले. पण चित्रपटाला अंतिम सामना हवा असतो. दुबळ्या पायाच्या स्पर्धा आणि सायकलीचे भाडे यांत त्याला फारसे नाट्य सापडत नाही. आपल्या कामाचे जे आहे ते मात्र तेथेच आहे.

तालुक्यापर्यंत काय पोहोचेल?

२०१७ च्या सप्टेंबरात, सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात व्हावयाचा होता त्या निमित्ताने, महाराष्ट्र शासनाने एका दिवशी दहा लक्ष मुलांना फुटबॉल खेळविण्याचा उपक्रम केला आणि शाळांना चेंडू वाटले. तो उत्साह स्तुत्य होता. पण चेंडू वाटता येतो. चेंडू चुकल्यावर काय बोलावे हे वाटता येत नाही, ते शिकवावे लागते. आपल्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढतात. प्रत्येक पायरीवर एक संघ सोडून बाकी सारे हरतात. म्हणजे या व्यवस्थेत भाग घेणाऱ्या बहुसंख्य मुलांना मिळणारा अनुभव पराभवाचाच असतो. त्या पराभवाचे काय करावयाचे याची तयारी नसलेली व्यवस्था मुलांना खेळ शिकवीत नसते, खेळ सोडण्यास शिकवीत असते.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाचे स्मिथ आणि स्मॉल या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल संघांच्या प्रशिक्षकांसाठी एक छोटा अभ्यासवर्ग तयार केला. चांगल्या प्रयत्नाची दखल घ्या, चुकीनंतर धीर द्या आणि पुढे काय करावयाचे ते सांगा, अपमान करू नका, असा त्याचा मतलब होता. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, अशा प्रशिक्षित मार्गदर्शकांच्या संघांतून पुढच्या हंगामापूर्वी शेकडा पाच मुले गळली, तर इतर संघांतून शेकडा सव्वीस. त्या संघांनी सामने अधिक जिंकले असे नव्हे, मुले टिकली. आणि जी मुले टिकतात त्यांच्यातूनच पुढे कधी तरी बलराम निघतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेस मानसशास्त्रज्ञ द्या असे आम्ही म्हणत नाही. ते होणारही नाही. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांचे जे वर्ग व उजळणीवर्ग होतात, त्यांत दोन दिवस याच विषयाला द्यावे. पेनल्टीपूर्वीचा ठराविक क्रम, चुकीनंतरचे पहिले वाक्य, जखमी मुलाला द्यावयाचे काम, हरलेल्या संघाशी दुसऱ्या दिवशी करावयाची चर्चा, राखीव मुलांशी वागण्याचा न्याय, एवढे पाच धडे पुरेत. ते प्रात्यक्षिकासह शिकवावे. पुस्तकातून ते येणार नाहीत. शाळेच्या मैदानावर दुबळ्या पायाची स्पर्धा भरविण्यास तर शासनाचा आदेशही लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

याने भारत विश्वचषकात जाईल असे वचन आम्ही देत नाही. खेळ हा तेवढ्यासाठी नसतोही. शेतीच्या अनिश्चिततेत वाढणाऱ्या आमच्या मुलखातील मुलाला पुढे आयुष्यात पेनल्टीपेक्षा मोठ्या गोष्टी चुकताना पाहाव्या लागणार आहेत. पाऊस चुकेल, भाव चुकेल, परीक्षा चुकेल. चुकल्यानंतर उभे कसे राहावे, हे मैदानावर शिकता आले तर ते फार स्वस्तात शिकता येते. हे शिकविणारा माणूस गावातच असतो, त्याच्या गळ्यात शिटी असते. त्याला कोणी सांगितलेले नाही एवढेच.

रिठदच्या त्या मुलाकडे अजून वेळ आहे. चौदा वर्षांचे मन जसे लवकर मुरगळते, तसे लवकर भरूनही येते. कोणी तरी संध्याकाळी त्याच्या दाराशी जाऊन चेंडू पुढे करावा, आणि आज डाव्या पायाने खेळावयाचे आहे, साऱ्यांनीच, असे त्याला सांगावे.